हे नाटक नोहे

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे आमच्या वडशात कोणीही सांगेल. बाकीच्या बायका वयाबरोबर निवळतात म्हणे, मी अजून निवळायची आहे. पस्तीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत काम केलं, त्यातली शेवटची पंधरा नुसती आईची. पोरानं टाकलेली आई, सुनेनं घराबाहेर काढलेली आई, खून करून आलेल्या पोराला पदराआड लपवणारी आई. दिवाळी सरली की ट्रकमध्ये सामान, सामानावर आम्ही, आज या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, तर उद्या त्या गावची. माईक बंद पडला तरी माझं रडणं शेवटच्या रांगेपर्यंत जायचं. आता गुडघे गेले म्हणून घरी बसले आहे, तरी बसस्टँडवर कोणी ना कोणी थांबवतंच. "तुमी त्या नाटकातल्या माय नोहे का जी?"

हे मिरवण्यासाठी सांगत नाही. त्या बाजाराच्या दिवशी सकाळी मी जे बोलले, ते दुसऱ्या कोणी बोललं असतं तर लोकांनी मनावर घेतलं नसतं, म्हणून सांगते.

माझी पोरगी एकुलती एक. नागपूरला चित्रकला शिकली. चित्रं काढते इथपर्यंत मला समजत होतं. मग तिनं चित्रं सोडली आणि कुठेतरी जाऊन काहीतरी करायला लागली. एकदा चंद्रपुरात भर रस्त्याच्या कडेला पांढरी साडी पसरून तिच्यावर बसली आणि कोळशाच्या धुळीनं साडी काळी होईपर्यंत उठली नाही. साडी माझी होती. मी विचारलं, हे काय होय? ती म्हणाली, काम. मी म्हटलं, ना पडदा, ना पेटी-तबला, ना एक संवाद, मग बघणाऱ्यानं करायचं काय? म्हणाली, "बघाचं."

यावरून आमच्या घरात भांडी आपटली गेली आहेत. मी तिला स्पष्ट सांगायची की ही कला नाही, ही रिकामपणाची कामं आहेत. खरं म्हणजे हे वाक्य मी स्वतः खाल्लेलं होतं. फार वर्षांपूर्वी शहरातून एक दिग्दर्शक आमच्या मंडळींना शिकवायला आला होता. माझा एक प्रवेश पाहून तो सगळ्यांसमोर म्हणाला की याला अभिनय म्हणत नाहीत, आरडाओरडा म्हणतात. त्या दिवशी मी जेवले नव्हते. तरीही तेच ताट मी माझ्या पोरीपुढे सरकवत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

आता हे जिथे घडलं त्या गावाचं. वडशापासून एसटीनं तासाभरावर, रस्त्याच्या एका अंगाला धानाच्या बांध्या आणि दुसऱ्या अंगाला लगेच जंगल. चैत्रात तिथल्या एका बाईला मोहफुलं वेचताना वाघानं मारलं. विधवा होती, माहेरी म्हाताऱ्या आईजवळ राहायची, बाजाराला मोहफुलं, चिंच, तेंदूची पिकली टेंभरं असं काय मिळेल ते विकायची. वनखात्याच्या लोकांनी गावात प्लास्टिकचे मुखवटे वाटले होते. ते डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे. वाघ पाठीमागून येतो, पाठीलाही तोंड दिसलं तर बिचकतो, असं सांगितलं होतं. तिचा मुखवटा त्या दिवशी घरीच खुंटीला राहिला.

गावच्या आठवडी बाजारात प्रत्येकाची जागा ठरलेली असते. तिची जागा शेवटच्या ओळीत, बाभळीच्या कुंपणाला लागून होती. ती गेल्यानंतरही त्या जागेवर कोणी पोतं टाकलं नव्हतं. इकडची कांदेवाली थोडी इकडे सरकली, तिकडची मिरचीवाली थोडी तिकडे, आणि मध्ये एका माणसाच्या बैठकीएवढी जमीन तशीच राहिली. माझ्या पोरीनं ती पाहिली. तिथे बसायचं, असं तिनं ठरवलं. सकाळी बाजार भरल्यापासून उठेपर्यंत, बाजाराकडे पाठ करून, पुढ्यात रिकामी टोपली आणि डोक्याच्या मागे मुखवटा. बोलायचं नाही, हलायचं नाही.

"तिच्या घरच्याइले विचारलं का?" मी म्हटलं.

"म्हातारीले विचारलं. ते काही बोलली नाई. उठली अन् टोपली आणून देल्ली. मंग मुखवटा बी देल्ला."

मी सोबत गेले ते पाण्याची बाटली धरायला. पोरीनं एकच गोष्ट बजावली होती. कोणी विचारलं तर समजावून सांगू नको, लोकांना पाहू दे.

नऊच्या सुमारास ती जाऊन बसली. मी समोरच्या चहाच्या टपरीत सावली धरली. वैशाखाचं ऊन, नऊ वाजताच डोळ्यांवर हात धरावा लागत होता. येणारा-जाणारा त्या मुखवट्यापाशी थबके. गुलाबी गालांचं, मिशीवाल्या पुरुषाचं ते प्लास्टिकचं तोंड आणि त्याच्याखाली पोरीची वेणी. पोरं हसली, बायांनी पदर तोंडाला लावले. टपरीवाली बाई मला ओळखत होती. तिनं माझ्यासाठी स्टूल पुसलं आणि विचारलं, "कोण होय जी ते पोरगी? नाटकाची होय का तुमच्या?"

टपरीत सात-आठ माणसं होती. सगळी माझ्याकडे पाहत होती, कारण नाटकाचं विचारायचं तर मलाच विचारणार. मला लाज वाटली. माझी पोरगी पाठमोरी मातीत बसलेली, तिच्यावर पोरं हसताहेत, आणि मी त्या गावात मान असलेली बाई.

"मले काय माहीत," मी म्हटलं. "आपली काही वळख नाई. अन् हे नाटक नोहे. पस्तीस वर्सं झाले मले, असं नाटक नाई पाह्यलं. डोस्कं फिरलं असन पोरीचं."

सगळे हसले. मीही हसले. समजावून सांगू नको असं पोरीनं म्हटलं होतं, ओळख नाकार असं म्हटलं नव्हतं.

दहाच्या सुमारास म्हातारी आली. आधी मला समजलंच नाही की ही त्या बाईची आई. ती सरळ शेवटच्या ओळीत गेली, पोरीला वळसा घालून पलीकडे गेली आणि कुंपणाच्या अंगाला तिच्या समोर मांडी घालून बसली. बाजाराला दिसत होता तो मुखवटा. पोरीचं तोंड एकट्या म्हातारीला दिसत होतं. दोघींच्या मध्ये ती रिकामी टोपली.

अकरा वाजले, बारा वाजले. हसणारी पोरं कंटाळून गेली. मी दोनदा पाणी घेऊन गेले. पोरीनं बाटली घेतली नाही, म्हातारीनंही घेतली नाही. ती पोरीकडे पाहत होती, मधूनच ओठ हलवत होती, एकदा तर चक्क हसली. मला ते पाहवेना आणि तिथून निघावंसंही वाटेना. परत येऊन स्टूलवर बसले.

एकच्या पुढे बाजाराचा आवाज बदलला. रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या माणसाला हा बदल पाठीला समजतो. आधी लोक मोठ्यानं बोलत होते, ते हळू बोलायला लागले. मिरचीवालीनं आपलं पोतं ओढून दोन हात लांब नेलं. कांदेवाली उठूनच गेली. लेकरू घेऊन आलेली कोणाची तरी सून म्हणाली की इथून गेल्यापासून माहं बाळ रडून राह्यलं. त्यावर दुसरी काहीतरी पुटपुटली आणि तो शब्द मी ऐकला. करणी.

आमच्या घरात अंगात येणं, बाहेरची बाधा, भानामती या सगळ्यांना छप्पन सालीच, दीक्षा घेतली तेव्हा, निरोप दिलेला आहे. माझ्या बाबांनी तर देव्हाऱ्यासोबत लिंबू-मिरचीसुद्धा घराबाहेर काढली होती. पण आपण निरोप दिला म्हणून गाव देत नसतं. करणीच्या संशयावरून आमच्या या मुलखात माणसांना खांबाला बांधून मारलेलं आहे, आणि मारणारे परके नसतात, रोजचे रामराम घालणारेच असतात.

मेलेल्या बाईचा चुलतभाऊ आला तेव्हा दोन वाजले असतील. रुंद खांद्याचा, डोक्याला दुपट्टा, हातात पाण्याचा गडवा. तो दारू प्यालेला नव्हता, गुंडही नव्हता. तो आपल्या काकूला घरी न्यायला आला होता. म्हातारीपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "काकू, चाल. ऊन लागन तुले. पानी पी." म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यानं हात धरला, तिनं सोडवून घेतला. त्यानं गडवा तिच्या ओठाला लावला, तर तिनं तोंड फिरवलं आणि पुन्हा पोरीकडे पाहायला लागली. तेव्हा तो उठून उभा राहिला आणि त्याचा चेहरा पाहून मी स्टूल सोडलं.

"हे कोण होय?" तो ओरडला. "काय केलं इनं माह्या काकूले? चार घंट्यापासून म्हातारी जागची हालली नाई. इनं बांधून ठेवली तिले!"

माणसं गोळा झाली. बघता बघता दोन-अडीचशे, आणि मधली जागा आखडत चालली. पोरगी हलली नाही. मी तिच्या पाठीशी पोचले, वाकून कानाशी म्हटलं, "ऊठ. चाल लवकर." तिची मान ताठ होती. मी दंड धरून ओढलं तर मागून कोणीतरी म्हणालं, "तिले हात नका लावू बाई, तुमाले बी लागन."

"भाऊ," मी त्या चुलतभावाला म्हटलं, "करणी-बिरणी काही नाई. हे नाटक होय. हे करून दाखवून राह्यली."

तो माझ्याकडे वळला. "नाटक?"

"हो. तुमच्या बहिणीचंच होय. तुमच्या काकूनंच टोपली देल्ली तिले."

"माह्या काकूले आता कोणी काही बी मागलं तं ते आणून देते. तिचं डोस्कं ठिकाणावर नाई." मग त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "पर तुमी तं सकाळी म्हणल्या, हे नाटक नोहे म्हणून. टपरीत सगळे सांगून राह्यले."

"म्हणल्या, म्हणल्या," टपरीतला एक जण बोलला. "वळख बी नाई म्हणल्या."

मी म्हटलं, "माही पोरगी होय ते."

यावर कोणाचाही विश्वास बसला नाही. का बसावा? सकाळी सात-आठ माणसांसमोर ओळख नाही म्हणणारी बाई दुपारी आई म्हणून उभी राहते, तर तिला वाचवायला खोटं बोलतेय असंच कोणीही म्हणेल. चुलतभाऊ आवाज न चढवता विचारायला लागला, आणि मला त्याच्या ओरडण्यापेक्षा त्या हळू आवाजाची जास्त भीती वाटली. "नाटक होय तं बोलत काऊन नाई? पेटी कुठी आहे? तोंड तिकडं काऊन केलं? नाटकात असं राह्यते का, तुमीच सांगा. तुमी तं मोठ्या नाटकातल्या आहा." हे सगळे प्रश्न मी माझ्या स्वयंपाकघरात स्वतः विचारले होते, अगदी याच क्रमानं. पोरीनं दिलेलं उत्तर, बघायचं, ते त्या क्षणी सांगण्यासारखं नव्हतं.

"मिरचीची धुरी द्या," मागून कोणीतरी म्हणालं. "बोलते का नाई ते पाहू."

मिरच्यांचं पोतं दोन हातांवर होतं. एक जण टपरीकडे गेला आणि शेगडीतले निखारे घमेल्यात घेऊन आला. त्यानं ते घमेलं पोरीच्या उजव्या अंगाला ठेवलं, आणि दुसऱ्यानं ओंजळभर मिरच्या उचलल्या. पोरगी अजूनही बोलली नाही. मला तिचा इतका राग आला, इतका राग आला, की वाटलं आपणच दोन थोबाडीत द्याव्या आणि फरफटत न्यावं. एक शब्द बोल गं. एक शब्द बोललीस तर सुटशील.

ती बोलणार नव्हती. म्हणून मी बोलले.

मी त्या घमेल्याच्या आणि पोरीच्या मध्ये उभी राहिले, पदर डोक्यावरून घेतला, डावा पाय पुढे टाकला आणि आवाज सोडला. "कोणी पाह्यलं काऽ माह्या लेकीले?"

बिनमाईकचा आवाज. एसटीच्या थांब्यापर्यंत गेला असणार. मिरच्यावाल्याचा हात जागीच राहिला. मी पाठ केलेलं काही नव्हतं, पण पंधरा वर्षांच्या आया माझ्या अंगात मुरलेल्या होत्या, त्या एकामागे एक उठल्या. मी वाघाला बोलले. मोहाच्या झाडाला बोलले. पहाटे लेकीला हाक मारून उठवणाऱ्या स्वतःच्या तोंडाला शिव्या दिल्या. खुंटीवरच्या मुखवट्याला विचारलं, तू काऊन नाई गेला रे माह्या पोरीसंग? मग पोरीकडे हात करून म्हटलं, पाहा, बाजाराच्या दिशी माही लेक जागेवर येऊन बसली, पर तोंड दाखवत नाई, माह्यावर रुसली. गुडघ्यांचं दुखणं विसरून मी मातीत बसले, छाती पिटली, हंबरडा फोडला.

आधी बाया रडल्या. मग पुरुषांनी दुपट्टे डोळ्यांना लावले. चुलतभाऊ ओक्साबोक्शी रडत होता, गडव्यातलं पाणी त्याच्या पायावर सांडत होतं. मिरच्या पोत्यात परत गेल्या. कोणीतरी घमेलं उचलून नेलं. मी शेवटचं वाक्य टाकलं, डोकं जमिनीला लावलं, आणि टाळ्या पडल्या. दोन वर्षांनी माझ्या कानांवर टाळ्या पडत होत्या. मला त्या आवडल्या. खोटं कशाला बोलू, फार आवडल्या.

"आता समजलं जी," टपरीतला तो माणूस म्हणाला. "नाटकच होय. सुरुवातीलेच असं करून दाखवाचं ना बाई."

एकानं माझ्यासाठी खुर्ची आणली. दुसऱ्यानं विचारलं, आमच्या मंडईले येसान का. चुलतभावानं हात जोडले आणि म्हणाला, "माफ करजा बाई, गावातल्या माणसाले समजत नाई." माझी पोरगी सुटली होती. तिच्या केसालाही धक्का लागला नव्हता. मी उठून तिच्याकडे वळले.

म्हातारी उभी राहत होती. गुडघ्यावर हात ठेवून ती उठली, वाकून टोपली उचलली, काखेत धरली. मग माझ्याजवळ आली. मला वाटलं, पाया पडते की काय. प्रयोगानंतर म्हाताऱ्या बाया पडायच्या, मी संकोचून पाय मागेही घेतला.

"चांगल्या बोलल्या जी बाई," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, तक्रारीचा नव्हता. "पर तुमी बोलाच्या आधी माही पोर इथी बसून होती. सकाळपासून होती."

मी काही म्हणणार, तोवर ती बाजूनं निघून गेली. चुलतभाऊ तिच्यामागे गेला. रस्त्याला लागताना तिनं एकदाही त्या जागेकडे वळून पाहिलं नाही. पस्तीस वर्षांत माझ्या रडण्यानं माणसं खिळून बसलेली मी पाहिली होती, कोणी उठून गेलेलं पाहिलं नव्हतं.

पोरीनं मुखवटा सोडला. तिचं तोंड उन्हानं लाल झालं होतं आणि गालांवर सुकलेले ओघळ होते, कधीचे कोण जाणे. तिला माझा राग आला असता तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आई, मी उठणार होती, लय भेव लागलं होतं. पर ते म्हातारी माह्याशी बोलून राह्यली होती ना." काय बोलत होती, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. नंतरही विचारलेलं नाही.

टपरीवालीनं चहा पाठवला होता, तो तसाच राहिला. लोक वाट करून देत होते, नमस्कार करत होते, मीही हात जोडत चालले होते. माझी पोरगी मी त्या बाजारातून धडधाकट घरी आणली. पण त्या म्हातारीची पोरगी एकदा वाघानं नेली होती, आणि दुसऱ्यांदा तिच्या समोरून मी उठवली.